एकच लाइन, इंटरकॉम आणि फॅक्स : भोसरीतील एका कार्यालयाचे प्रकरण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एक छोटा कारखाना जपानमधील एका ग्राहकासाठी यंत्रांचे सुटे भाग तयार करतो. त्या ग्राहकाची ऑर्डर, तिच्यासोबतची ड्रॉइंग्ज आणि मापांतील दुरुस्त्या आजही फॅक्सने येतात, आणि ऑर्डर मिळाल्याची पोच सही-शिक्क्यासह त्याच दिवशी फॅक्सने परत यावी, अशी त्याची अट आहे. आपल्याकडे हे ऐकून लोकांना हसू येते. पण जपानमध्ये फॅक्सचे बस्तान पक्के आहे. २०२१ साली तेथील मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कार्यालयांतून फॅक्स काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा खुद्द सरकारी खात्यांनीच शेकडो हरकती घेतल्या आणि तो बेत आवरता घ्यावा लागला. ‘यापुढे ईमेल करा’ असे ग्राहकाला सांगण्याचा पर्याय या कारखान्यापुढे नव्हता.

या कार्यालयातील संगणक आणि नेटवर्क यांची देखभाल माझ्याकडे आहे. जुने फॅक्स यंत्र झिजले होते, म्हणून मालकांनी प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन आणि फॅक्स अशी चारही कामे करणारा नवा प्रिंटर घेतला. नेमक्या त्याच सुमारास टेलिफोन कंपनीने त्यांचे तांब्याच्या तारेवरचे कनेक्शन, क्रमांक तोच ठेवून, फायबरवर नेले. दोन बदल एकाच वेळी झाल्याने पुढचा घोळ वाढला. फॅक्स चालत नाही म्हटल्यावर प्रिंटर विकणारा लाइनकडे बोट दाखवी आणि लाइनमन प्रिंटरकडे. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते.

जागेवर काय होते

पूर्वी रस्त्यावरच्या डीपी बॉक्समधून, म्हणजे टेलिफोनच्या जोडणीच्या पेटीतून, तांब्याची ड्रॉप वायर कार्यालयाच्या भिंतीवरील रोझेटपर्यंत, म्हणजे टेलिफोनच्या सॉकेटपर्यंत येत असे. कार्यालयात एक लहान इंटरकॉम म्हणजे ईपीएबीएक्स आहे. त्याला बाहेरची एक लाइन, आणि मालकांची केबिन, डिस्पॅच, स्टोअर व हिशेबाचे टेबल अशी एक्स्टेन्शने. बाहेरून फोन आला की ईपीएबीएक्स तो लगेच उचलतो, ध्वनिमुद्रित स्वागत ऐकवतो आणि कोणता विभाग हवा ते विचारतो.

फायबर आल्यावर कंपनीच्या माणसाने राउटरच्या कपाटात ओएनटी बसवला, म्हणजे फायबरवरचा प्रकाश-संकेत इंटरनेट आणि फोन यांत वेगळा करून देणारा डबा, आणि त्याच्या फोनच्या पोर्टातून एक वायर थेट ईपीएबीएक्सला दिली. फोन वाजू लागले, कंपनीच्या लेखी काम संपले. नवा प्रिंटर मात्र जुन्या यंत्राच्या जागी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोझेटशेजारी ठेवला गेला आणि त्याची वायर त्या रोझेटमध्येच खोचली गेली. तिथे अर्थातच डायल टोन नव्हता.

मग कोणीतरी लांब वायर आणून प्रिंटर ओएनटीला जोडला, पण नेटवर्कच्या पोर्टात. टेलिफोनची पिन अरुंद असल्याने ती नेटवर्कच्या रुंद खाचेत सहज बसते, ‘टक’ असा आवाजही करते, आणि त्यामुळे जोडणी बरोबर झाल्याचा पूर्ण भास होतो. प्रत्यक्षात त्या दोन पोर्टांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, आणि अरुंद पिनच्या कडा नेटवर्कच्या खाचेतील टोकाच्या तारा वाकवू शकतात ते वेगळेच. शेवटी बाजारातून दुहेरी सॉकेट आणून ओएनटीच्या फोनच्या पोर्टावर लावले गेले: एक फाटा ईपीएबीएक्सला, एक प्रिंटरला. आता टोन आला, पुण्यातल्या पुण्यात पाठवलेले चाचणीचे पान पोहोचले, आणि काम झाले असे सर्वांनी मानले.

त्यानंतर जपानहून एकही फॅक्स आला नाही.

दोन फाट्यांची जोडणी का चालत नाही

मला बोलावले गेले ते या टप्प्यावर. लाइनमनही आला होता. त्याने फोन उचलून माझ्या कानाशी धरला आणि म्हणाला, “साहेब, टोन क्लिअर आहे, बघा की.” टोन खरोखरच स्वच्छ होता. एक आकडा दाबून टोन तोडला आणि नंतरची शांतता ऐकली, तेव्हाही घरघर किंवा करकर नव्हती. तांब्याच्या लाइनवर ही परीक्षा फार उपयोगी पडते, कारण ओलसर जोड किंवा गंजलेली तार त्या शांततेतच स्वतःला उघडी पाडते. फायबरवरच्या फोनला मात्र ती पुरेशी नाही. तेथील दोष बहुधा ऐकू येत नाहीत.

पहिला दोष मात्र लाइनच्या आतला नव्हता, तो कार्यालयातल्या मांडणीत होता. दुहेरी सॉकेट म्हणजे एका पाइपला दोन तोट्या. कोणती कधी उघडेल यावर कोणाचाच ताबा नसतो. जपानहून फोन लागला की ईपीएबीएक्स पहिल्याच रिंगला तो उचलून स्वागताचा मजकूर ऐकवू लागे. प्रिंटर चार रिंगांनंतर उचलण्याच्या बेताने बसलेला असे, आणि चौथी रिंग कधी येतच नसे. पलीकडचे यंत्र आपली ओळखीची शिटी वाजवत राही: ११०० हर्ट्झचा आवाज, अर्धा सेकंद चालू आणि तीन सेकंद बंद. तिला २१०० हर्ट्झच्या स्वराने उत्तर देणारे कोणी नसल्याने काही वेळाने ते यंत्र फोन ठेवून देई. डिस्पॅचमधल्या मुलाने एखाद्या वेळी तो फोन घेतला तर त्याला नुसती ‘टूं’ ऐकू येई आणि ‘राँग नंबर’ समजून तोही ठेवून देई.

पाठवण्याच्या बाजूलाही हाच घोटाळा होता. प्रिंटरने लाइन घेतली आहे हे ईपीएबीएक्सला कळण्याचा मार्ग नव्हता. कोणीही एक्स्टेन्शनवरून बाहेरची लाइन मागितली की तो तीच लाइन उचले, आणि अर्ध्यावर आलेले पान तुटे. जुन्या यंत्रावर हे कधीच घडले नव्हते, असे हिशेब पाहणाऱ्या मॅडमनी ठामपणे सांगितले, आणि त्यांचे बरोबर होते. भिंतीवरच्या जुन्या वायरी उलगडून पाहिल्यावर कारण दिसले. पूर्वी रोझेटमधून निघालेली लाइन आधी फॅक्स यंत्रात जात असे आणि फॅक्स यंत्रातून निघालेली दुसरी वायर ईपीएबीएक्सला मिळे. म्हणजे जुने यंत्र लाइनच्या वाटेत, इंटरकॉमच्या अलीकडे बसलेले होते. ते काढताना इंटरकॉम बंद पडू नये म्हणून दोन्ही वायरींची टोके पिळून जोडून टाकली गेली. यंत्र गेले आणि त्याच्यासोबत ही मांडणीही गेली; ती कोणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती, कारण चालू होती तोवर तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

फॅक्सची सोय असलेल्या प्रिंटरच्या मागे टेलिफोनच्या आकाराच्या दोन खाचा असतात, त्या याचसाठी. एकीवर ‘लाइन’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘एक्स्ट’ किंवा टेलिफोनचे चित्र. पहिलीत बाहेरून येणारी लाइन द्यायची आणि दुसरीतून पुढची उपकरणे जोडायची. यंत्र स्वस्थ असताना लाइन आतून सरळ पुढे जाते. यंत्राने फॅक्ससाठी लाइन घेतली की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, पुढचा रस्ता तोडतो आणि इंटरकॉमला मध्येच डोकावता येत नाही. वीज गेली तर रिले सैल पडून रस्ता पुन्हा सरळ होतो, त्यामुळे प्रिंटर बंद असला तरी फोन चालू राहतात. प्रत्येक मॉडेल हे इमानाने करतेच असे गृहीत धरू नये. फॅक्स जात असताना ‘एक्स्ट’मध्ये साधा फोन लावून उचलावा; कानात शांतता असेल तर रिले काम करतो, शिट्ट्या ऐकू आल्या तर दोन्ही खाचा आतून नुसत्या समांतर आहेत. येथे शांतता होती.

मांडणी बदलली ती अशी

ओएनटी आणि ईपीएबीएक्स खोलीच्या एका कोपऱ्यात, प्रिंटर दुसऱ्या. प्रिंटर वाटेत बसवायचा तर लाइन त्याच्यापर्यंत नेऊन परत आणावी लागणार होती. रोझेटपासून कपाटापर्यंत जुनी चार तारांची वायर भिंतीतून गेलेलीच होती, तिच्या एका जोडीने ओएनटीचा टोन प्रिंटरच्या ‘लाइन’पर्यंत नेला आणि दुसऱ्या जोडीने ‘एक्स्ट’मधून तो ईपीएबीएक्सकडे परत आणला. टेलिफोनला दोनच तारा लागतात, त्यामुळे नवीन खोदकाम टळले.

या कामाआधी एक गोष्ट करणे अत्यावश्यक होते, आणि ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. कनेक्शन फायबरवर गेले असले तरी रस्त्यावरून येणारी जुनी ड्रॉप वायर रोझेटला अजून जोडलेलीच होती. मीटर लावला तेव्हा तिच्यावर ४८ व्होल्टच्या आसपास दाब दिसला, म्हणजे एक्स्चेंजकडील टोक अद्याप कोणी सोडवले नव्हते. तशा अवस्थेत ओएनटीचा टोन त्याच तारांवर सोडला असता तर दोन बाजूंनी दोन वीजपुरवठे एकमेकांसमोर आले असते, आणि त्यात ओएनटीचा फोनचा पोर्ट जायला वेळ लागला नसता. पावसाळ्यात त्या तारेवरून विजेचा झटका आत येण्याची भीती वेगळी. ड्रॉप वायर रोझेटमधून काढून तिची टोके वेगवेगळी टेपने बंद केली, आणि त्यानंतरच बाकीचे काम हाती घेतले.

प्रिंटरसोबत खोक्यात आलेली दोन तारांची टेलिफोन कॉर्ड वापरली. कार्यालयात जुन्या फोनच्या चार तारांच्या कॉर्ड पडून होत्या, पण काही फॅक्स यंत्रांना त्या मानवत नाहीत.

फॅक्स यंत्राने फोन कसा स्वीकारायचा हा पुढचा प्रश्न. यंत्रात यासाठी साधारणपणे तीन-चार पद्धती असतात: येणारा प्रत्येक फोन फॅक्सच समजायचा, स्वतः उचलून फॅक्स की माणूस ते ओळखायचे, किंवा पुढच्या उपकरणाला उचलू द्यायचे आणि आपण गुपचूप ऐकत राहायचे. विक्रेत्याने दुसरी पद्धत लावली होती. मला ती येथे गैरसोयीची वाटली, कारण माणसाने केलेला प्रत्येक फोन आधी प्रिंटरने उचलला असता आणि ईपीएबीएक्सचे स्वागत उशिरा ऐकू आले असते. म्हणून उत्तर देणाऱ्या बाहेरच्या यंत्रासाठी जी तिसरी पद्धत असते ती निवडली. ईपीएबीएक्स फोन उचलतो, प्रिंटर ओळीत आधी बसलेला असल्याने सर्व ऐकतो, आणि ११०० हर्ट्झची शिटी ओळखली की रिले ओढून लाइन आपल्याकडे घेतो. ईपीएबीएक्सला काय झाले ते कळतही नाही.

ही पद्धत चालण्यासाठी स्वागताचा मजकूर मात्र बदलावा लागला. मूळ मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होता, मागे संगीत होते आणि बोलण्यात कुठे फट नव्हती. इतक्या आवाजात यंत्राला शिटी वेगळी काढता येत नाही. नवीन ध्वनिमुद्रणात सुरुवातीला पाचएक सेकंदांची शांतता ठेवली, संगीत काढले आणि मजकूर दोन वाक्यांवर आणला. त्या शांततेचा मालकांना राग येत असे. आपल्या कंपनीत फोन उचलून कोणी बोलत नाही असे गिऱ्हाइकाला वाटेल, हे त्यांचे म्हणणे. चार सेकंद चालतील का, असे घासाघीस करूनही शेवटी पाचच राहिले, कारण मधल्या खंडासह शिटी दोनदा वाजायलाच चार सेकंद लागतात, आणि वर थोडी सवड हवी. याउपर एखादा फॅक्स निसटून एक्स्टेन्शनवर गेलाच, तर फोन ठेवून न देता प्रिंटरच्या पुस्तिकेत दिलेला स्वीकृतीचा कोड दाबायचा, हे डिस्पॅच आणि स्टोअरमधल्या मंडळींना सांगितले.

बाहेर जाणाऱ्या फॅक्सच्या तीन बारीक अडचणी होत्या. प्रिंटरमध्ये देश म्हणून भारत निवडलेला नव्हता. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने लहरणारा असतो, तो दुसऱ्या देशाच्या सेटिंगमध्ये यंत्र कधी ओळखते, कधी नाही. दुसरे, विक्रेत्याने इंटरकॉमच्या सवयीने प्रत्येक क्रमांकापुढे एक शून्य घातले होते. प्रिंटर आता इंटरकॉमच्या अलीकडे असल्याने त्याची गरज नव्हती, आणि जपानसाठी ००८१ च्या पुढे आणखी एक शून्य आले की क्रमांक लागणारच नाही. तिसरी अडचण प्रिंटरचा स्पीकर चालू करून फॅक्स पाठवला तेव्हा स्वच्छ ऐकू आली: या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय सुविधा उपलब्ध नाही, असे एक बाई शांतपणे सांगत होत्या. फायबरच्या नव्या योजनेत आयएसडी बंद होते. प्रिंटरच्या पडद्यावर याबद्दल ‘उत्तर नाही’ एवढेच येत होते. फॅक्सच्या कोणत्याही तपासणीत सर्वप्रथम स्पीकर चालू करावा, हे मी म्हणूनच आग्रहाने सांगतो. यंत्राला माणसाची भाषा कळत नाही, आणि लाइनवरच्या निम्म्या तक्रारी माणसाच्या भाषेतच बोलल्या जातात.

लांब फॅक्स अर्धवट का तुटत होते

मांडणी सुधारल्यावर एका पानाची पोच जपानला जाऊ लागली आणि एका पानाच्या ऑर्डरी येऊ लागल्या. ड्रॉइंग्ज मात्र येत नव्हती. पहिले पान येई, दुसरे अर्ध्यावर थांबे, आणि अहवालावर ‘संपर्कात त्रुटी’ छापून निघे. काही वेळा पहिले पानही येत नसे. याच टप्प्यावर बहुतेक लोक प्रिंटर बदलतात.

येथे फॅक्स आणि संभाषण यांतला फरक समजून घ्यावा लागतो. १९८० साली ठरलेले तिसऱ्या गटाचे फॅक्स-मानक तांब्याच्या अखंड मंडलासाठी रचलेले आहे. फोन लागल्यापासून ठेवेपर्यंत दोन यंत्रांमध्ये एक सलग वाट मोकळी आहे, या गृहीतावर त्यातली प्रत्येक वेळमर्यादा उभी आहे. फायबरवरच्या फोनमध्ये अशी वाट नसते. ओएनटी आवाज मोजून त्याचे आकडे बनवतो, साधारणपणे २० मिलिसेकंदांची एकेक पुडी बांधतो आणि पाठवतो. पलीकडे त्या पुड्या सोडून पुन्हा आवाज केला जातो. बोलण्यातली एखादी पुडी हरवली तर कानाला पत्ताही लागत नाही. पण १४,४०० बिटांच्या वेगाने चाललेल्या फॅक्समध्ये एक पुडी म्हणजे २८८ बिट, आणि तेवढा खड्डा पडला की मोडेमची, म्हणजे पानाच्या माहितीचा आवाज करणाऱ्या यंत्रातल्या भागाची, लय चुकते.

त्याहून मोठा प्रश्न पुडीत आवाज कसा भरला जातो हा. जी.७११ नावाच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, असे ६४,००० बिट जसेच्या तसे जातात. फॅक्सच्या शिट्ट्या तिच्यातून सहीसलामत पार होतात. जी.७२९ ही काटकसरीची पद्धत सेकंदाला केवळ ८,००० बिटांत काम भागवते. ती माणसाच्या घशाचा आणि ओठांचा हिशेब मांडून बोलणे पुन्हा उभे करते, आणि मोडेमच्या आवाजाला घसा नसतो. जी.७२९ वरून फॅक्स जाणे ही जवळपास अशक्य गोष्ट आहे.

कंपनीच्या हेल्पलाइनवर याबद्दल बोलणे कठीण गेले, कारण तेथे विचारण्याचा पहिला आणि शेवटचा प्रश्न ‘टोन आहे ना?’ हाच होता. तक्रार लेखी दिली, तीत ‘फॅक्स चालत नाही’ असे न लिहिता, या क्रमांकासाठी टी.३८ (फॅक्ससाठीचे खास मानक) सुरू करावे, ते शक्य नसल्यास केवळ जी.७११ ए-लॉ (जी.७११ चा आपल्याकडे वापरला जाणारा प्रकार) ठेवावे, शांततेच्या वेळी पुड्या न पाठवण्याची सोय बंद करावी आणि जिटर बफर (मागेपुढे येणाऱ्या पुड्या थोडा वेळ थोपवून ओळीत लावणारा साठा) ठरावीक लांबीचा ठेवावा, असे नेमके लिहिले, आणि तो कागद त्यांच्या तांत्रिक विभागातल्या जाणकार माणसापर्यंत पोहोचला. त्याने आपल्या बाजूने पाहून सांगितले की या ओएनटीच्या पसंतीक्रमात जी.७२९ वर होते. शहरातल्या शहरात, त्यांच्याच जाळ्यात केलेले फोन जी.७११ वर होत. म्हणून विक्रेत्याचे चाचणीचे पान कधीच अडले नाही. परदेशातून येणारा फोन मात्र जी.७२९ वर सुरू होई, आणि फॅक्सचा २१०० हर्ट्झचा स्वर ऐकल्यावर त्याने जी.७११ वर जावे अशी योजना होती. हा बदल कधी वेळेत होई, कधी दोन यंत्रांची ओळखपाळख चालू असतानाच मध्ये येई.

टी.३८ हे फॅक्ससाठीच केलेले मानक १९९८ पासून आहे. त्यात आवाज पाठवला जात नाही. ओएनटी स्वतः फॅक्सची भाषा समजून घेतो आणि पानाची माहिती पुड्यांत, दुहेरी करून, पाठवतो. कागदावर तो सर्वांत चांगला उपाय आहे. पण तो वाटेतल्या प्रत्येक कंपनीने मानला पाहिजे, आणि भोसरी ते जपान या वाटेत किती कंपन्या येतात ते ग्राहकाला ठाऊक नसते. तांत्रिक विभागाने टी.३८ लावून पाहिला, जपानकडून येणाऱ्या फोनवर तो मान्य होत नव्हता, म्हणून शेवटी केवळ जी.७११ ठेवले गेले. मला तो निर्णय योग्य वाटतो. अर्धवट मानला जाणारा टी.३८ हा साध्या जी.७११ पेक्षा जास्त त्रासदायक असतो.

त्यानंतर ऑर्डरी नियमित झाल्या, ड्रॉइंग्जपैकीही बरीच येऊ लागली. तरी चार-पाच पानांचा संच अधूनमधून तुटे. ड्रॉइंग्ज ‘फाइन’वर पाठवलेली असत. साध्या प्रतीत पानाच्या उंचीवर मिलिमीटरला ३.८५ रेषा वाचल्या जातात, ‘फाइन’मध्ये ७.७, म्हणजे तेच पान जवळपास दुप्पट वेळ लाइन अडवून ठेवते. दोन टोकांच्या घड्याळांत सूक्ष्म फरक असतो, आणि फॅक्स जितका लांब तितका तो फरक साचत जाऊन केव्हातरी एक पुडी कमी किंवा जास्त पडते. याला प्रिंटरच्या बाजूने करण्यासारखा उपाय म्हणजे वेग कमी करणे. कमाल वेग ९,६०० वर आणला. यंत्र त्याहून वेगाने बोलण्याचा प्रयत्नच करत नाही, त्यामुळे सुरुवातीची ओढाताणही वाचते.

त्रुटी-दुरुस्तीची सोय, म्हणजे ईसीएम, बंद करावी असा सल्ला अशा लाइनसाठी सर्रास दिला जातो. त्याला कारण आहे: ती चालू असताना पानातला चुकलेला तुकडा यंत्र पुन्हा मागते, पुन्हा चुकला तर पुन्हा मागते, आणि शेवटी कंटाळून फोन ठेवते. ती बंद केली की चुकलेल्या रेषा तशाच सोडून पान पुढे जाते आणि अहवालावर ‘ठीक’ उमटते. बिल किंवा पत्र असेल तर हे चालून जाईल. पण ड्रॉइंगमध्ये एक रेष गळली आणि ८.०५ चे ८.५ वाचले गेले, तर त्या मापाचा सगळा लॉट भंगारात जातो. न आलेले पान निदान मागवता तरी येते. चुकीचे आलेले पान कोणाला कळत नाही. म्हणून वेग कमी केला आणि ईसीएम चालूच ठेवले. यात मालकांना फारसे समजवावे लागले नाही. लॉट नाकारला जाणे म्हणजे काय हे ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

शेवटची व्यवस्था आणि जे उरले

तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळे. कार्यालयातली वीज गेली तरी फोन चालू असे. ओएनटीला ती सोय नाही. भोसरीत वीज जाणे नवे नसल्याने ओएनटी, ईपीएबीएक्स आणि प्रिंटर ही तिन्ही उपकरणे एकाच यूपीएसवर घेतली. केवळ प्रिंटर यूपीएसवर ठेवून भागत नाही, कारण ओएनटी मेला की फोनच मेला. प्रिंटर लेसर असल्याने त्याला ओढ जास्त लागते, म्हणून यूपीएस त्या हिशेबाने मोठा घ्यावा लागला. कागद संपला असताना आलेले फॅक्स यंत्र स्मृतीत साठवते, पण या मॉडेलमध्ये वीज बंद झाल्यावर ती स्मृती फार काळ टिकत नाही. संध्याकाळी प्रिंटरचे बटण बंद करून घरी जाण्याची जुनी सवय त्यामुळे मोडावी लागली.

पानाच्या माथ्यावर छापल्या जाणाऱ्या ओळीत कारखान्याचे नाव, देशाच्या कोडसह क्रमांक आणि बरोबर वेळ भरली. ही किरकोळ बाब वाटते, पण पोच त्याच दिवशी मिळाली की नाही याचा पुरावा ग्राहकाच्या हाती तीच ओळ असते, आणि जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. त्यांचे कार्यालय संध्याकाळी साडेपाचला बंद होते तेव्हा येथे दुपारचे दोन वाजलेले असतात. मॅडम आता पोच जेवणाच्या सुटीपूर्वी पाठवतात.

इंटरनेटवरून फॅक्स घेणारी एखादी सेवा लावून हा सारा खटाटोप टाळता आला असता का, असे मालकांनी विचारले. तांत्रिकदृष्ट्या टाळता आला असता, पण त्या सेवेचा क्रमांक वेगळा असता, आणि पुरवठादाराचा क्रमांक बदलला की जपानी ग्राहकाकडे नव्याने कागदपत्रांची फेरी करावी लागते. पंचवीस वर्षे जो क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे तो ठेवण्यासाठी एवढी वायरिंग परवडली.

एक अडचण पूर्ण सुटलेली नाही. ग्राहकाच्या दोन कार्यालयांपैकी एकाकडून येणारे ‘फाइन’ संच कधीमधी तिसऱ्या-चौथ्या पानावर तुटतात. जपानमधील एनटीटीनेही आपले स्थिर टेलिफोनचे जाळे जानेवारी २०२४ पासून वर्षभरात आयपीवर, म्हणजे इंटरनेटसारख्या पुड्यांच्या पद्धतीवर नेले, त्यामुळे आता पुड्या बांधणे आणि सोडणे हे दोन्ही टोकांना होते. त्या कार्यालयाची लाइन जुळवून घेणे आपल्या हातात नाही. तूर्त त्यांना ड्रॉइंग्ज तीन-तीन पानांच्या वेगळ्या फॅक्सने पाठवण्याची विनंती केली आहे, आणि ते ती पाळतात. प्रिंटरच्या मागे, भिंतीवर, लाइन कुठून येते आणि कुठे जाते याचा आराखडा चिकटवला आहे; ‘एक्स्ट’मधून निघणाऱ्या वायरीवर ‘इंटरकॉम – काढू नये’ असे लेबल आहे, आणि जुनी ड्रॉप वायर खांबापासून कापून नेण्यासाठी कंपनीकडे अर्ज दिलेला आहे.